ब्रेक दाबून धरा

दोन वर्षं मी एका माणसाला चोर म्हणत होतो. तोंडावर नाही, तेवढी छाती नव्हती. आमच्या सुलतानपूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. "त्यानं माझ्या जीपला डुप्लिकेट बेअरिंग घातले," एवढं एकच वाक्य. ऐकणारे मान हलवायचे. मिस्त्री लोक फसवतातच, हे सगळ्यांना आधीच पटलेलं असतं. मलाही होतं.

जीप जुनी आहे, पण फोर बाय फोर. आमचं वावर नाल्यापलीकडे आहे. पावसाळ्यात त्या काळ्या मातीतून चारही चाकांनी ओढलं तरच गाडी निघते. तिच्या पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग या मिस्त्रीनं बदलून दिले होते.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो समृद्धी महामार्गावर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि थोड्याच दिवसांत मीही हौसेनं गाडी घातली. काटा साठच्या पुढे गेला की पुढून घूंऽऽ. पोरगा म्हणाला, "सिमेंटचा रोड आहे बाबा, टायर बोलणारच." पटलं. पण मग लोणारच्या डांबरी रस्त्यावरही तेच, आणि डावीकडे वळलं की आवाज चढायचा.

मिस्त्रीचं गॅरेज घरापासून पाच मिनिटांवर. मी गेलो शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये. तिथं काचेची खोली होती, छापील बिल होतं. टायर बदलले, अलाइनमेंट झालं, किंगपिनचं काम झालं. आवाज तसाच. गंमत म्हणजे त्यांना मी चोर म्हटलं नाही. छापील बिल देणारा चुकतो आणि तेलकट हातांचा फसवतो, असा माझा हिशोब होता.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, कापूस भरून मेहकरला जाऊन आलो. गावात शिरताना करपल्याचा वास. हबला हात लावला तर चटका बसला. रिमला आतून ग्रीस उडालेलं. गाडी थांबली होती ती नेमकी त्याच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर.

त्यानं काही विचारलं नाही. जॅक लावला, चाक उचललं, टायर वर-खाली धरून हलवलं. खट. खट. माझ्या तोंडून निघालंच, "किंगपिन तर नवीन आहे."

"भाऊ, आत बसा अन् ब्रेक दाबून धरा बरं."

दाबला. त्यानं पुन्हा हलवलं. आवाज नाही.

"सोडा."

खट. खट.

"ब्रेक दाबल्यावर हब जाग्यावर धरला जाते. खेळ बंद झाला म्हणजे बेअरिंगचा. किंगपिनचा असता तर दाबूनही हालला असता."

तीन वेळा दाबायला लावलं, तिन्ही वेळा तेच. पायाखाली एक साधा प्रयोग चालला होता आणि माझ्या दोन वर्षांच्या शहाणपणाला त्यात जागा नव्हती. डावीकडे वळताना आवाज का चढतो, तेही त्यानंच सांगितलं. भार उजव्या चाकावर येतो. एवढं साधं.

हब उघडला. ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालेलं. बेअरिंगचा कप डिझेलनं धुऊन त्यानं माझ्या हातात दिला. आतून नख फिरवलं तर अडकत होतं. पत्रा कुरतडल्यासारखे खड्डे. निळ्या पडलेल्या कोनवर कंपनीचा शिक्का मात्र अजून वाचता येत होता. बेअरिंग अस्सल होते.

"पाणी गेलं," तो म्हणाला. "सील जुनंच होतं."

कुणामुळे, ते बोलला नाही. मला मात्र आठवलं. बेअरिंग घालताना त्यानं नवीन सील मागितलं होतं, शंभर-दीडशेचं. "हेच चालते," असं मीच म्हणालो होतो. तो मला लुबाडतोय असं वाटून. वर दर आठवड्याला तापलेली गाडी धुवायला नाल्यात उतरवायचो. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. बेअरिंग मी मारले होते. बदनाम त्याला केलं.

नवीन कप त्यानं पितळी ड्रिफ्टनं चहूबाजूंनी ठोकत बसवला, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरमध्ये दाबून दाबून भरलं. नवीन सील. मग चाक फिरवत नट आवळला, चाक जड झाल्यावर फेऱ्याचा सहावा हिस्सा मागे सोडला, वॉशर वाकवून दुसरा नट. पूर्वी मी असल्या वेळी शेजारी उभा राहून नजर ठेवायचो, जुने पार्ट मोजून घ्यायचो. त्या दिवशी बॅटरी धरून बसलो.

पैसे देताना म्हणालो, "मी तुमच्याबद्दल बरंच काही बोललोय."

"ऐकलं होतं," तो म्हणाला, आणि चिंधीला हात पुसत पुढच्या गाडीकडे गेला.

टपरीवर दोघांना खरं काय ते सांगितलं. पंगतीतल्यांना अजून सांगायचंय; त्यातल्या कितीजणांनी माझं ऐकून त्याच्याकडे गाडी न्यायची सोडली, ते विचारायचं अजून धाडस होत नाही.