फळीचा पीळ

नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाशी, फळी अजून वळत नाही. मागच्या गणपतीतही वळली नव्हती, आणि यंदा आषाढ लागला तरी होडीची ती बाजू टेबलावर तशीच उघडी पडून आहे. बाकी सगळं झालं. उलांडी बसली, तिला धरणाऱ्या दोन आडव्या काठ्यांचा बाक साधला, डोलकाठी उभी राहिली. शीड तेवढं मांजरपाटाचं, उरलेलं सगळं लेगोच्या विटांचं. बघायला येणारे शिडाचं कौतुक करतात. माझी नजर नाळेवरून हलत नाही.

होडी मालवणकडची आहे. तळाला कोरलेलं खोड, त्यावर काथ्यानं शिवून चढवलेल्या फळ्या, आणि एका अंगाला तोल सांभाळणारा ओंडका, तीच उलांडी. मुंबईच्या कोळीवाड्यांतल्या होड्यांना हा ओंडका नसतो. परळ-लालबागच्या चाळींत निम्मं मालवण-देवगड येऊन राहिलं, गिरण्यांत राबलं, गणपतीला गावी जात राहिलं. ही होडी मात्र तिकडेच राहिली. ज्यांना गावी जाणं जमत नाही त्यांच्यासाठी ती एकदा आपल्या मखरात उभी करायची, हा माझा जुना हट्ट.

आता पिळाचं सांगतो. होडीच्या मधोमध वरची फळी बाहेरच्या अंगाला कललेली असते. नाळेशी येईपर्यंत ती ताठ उभी होते. म्हणजे ती नुसती वळत नाही, जाता जाता अंगात पीळही घेते. लाकूड हे करतं, कारण त्याला भिजवता येतं, शेकता येतं, दोरानं आवळून रात्रभर ठेवता येतं. माझा मामा रापणीवरचा मच्छीमार. फळी चढवणाऱ्या पोरांवर तो ओरडायचा, "घाई करू नको रे, फळी मोडतली!" माझ्याकडच्या विटेला भिजवणं नाही की शेकणं नाही. दोन बटणांतलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, चपटीची ३.२. डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी या विटेच्या पेटंटचा अर्ज झाला आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. पाच चपट्यांची उंची म्हणजे बरोबर दोन बटणं. या हिशेबावर आडवं बांधकाम चालतं. बिजागरीनं कुठलाही कल देता येतो. पाचरीसारख्या चपट्यांनी नाळ निमुळती होते. पण बिजागरी कलते, पिळत नाही; आणि पाचरींच्या पायऱ्या पडतात. पायऱ्यांची होडी मला नको.

एकच वाट राहते. एक बटण रुंदीची पातळ भिंत, सगळी एक बाय दोनच्या विटांची. प्रत्येक जोडात केसाएवढी मोकळीक असते, आणि लांब भिंतीत ती साठत जाते. अशी भिंत वाकवून पुरं वर्तुळ करता येतं, हे या कामातल्या कुणालाही ठाऊक आहे. पीळ द्यायला गेलं की मात्र वरच्या थरांची बटणं सुटायला लागतात. मी जितकं घट्ट दाबावं, तितकी ती लवकर सुटतात.

गेल्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात धरला. दाबायचं काम शेजारच्या मुलीकडे गेलं. ती कॉलेजात जाते, संध्याकाळी तासभर येऊन बसते. तिचा हात हलका. तिनं लावलेली भिंत मी सवयीनं पिळून पाहिली, तर ती वळली, नाळेपर्यंत सरळ गेली. मी तिला काहीच बोललो नाही. दिवा जवळ घेऊन बराच वेळ ती रेघ बघत बसलो. इतक्या वर्षांत माझ्या हातून अशी रेघ निघाली नव्हती, आणि ती तिच्या हातून निघाली याचा मला आनंदाआधी मत्सर वाटला.

पण ती टिकली नाही. लालबागमध्ये काम टिकवायचं म्हणजे ढोल-ताशासमोर टिकवायचं. आगमनाची मिरवणूक गल्लीत शिरली की खिडकीच्या काचा थरथरतात, पायाखालची फरशी जाणवते. ते पथक पुढे गेलं आणि नाळेपासून हातभर भिंत उकलली. घट्ट लावावी तर वळत नाही, सैल लावावी तर ढोल सोसत नाही. तेव्हापासून मी इथेच अडकलोय.

थर्माकोलची मखरं करायचो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. तापलेल्या तारेनं कापताना मनगट फिरवलं की पीळ येत असे. त्या मनगटावर मी वीसेक वर्षं पोट भरलं. २३ मार्च २०१८ ला राज्यात बंदीची अधिसूचना निघाली, उच्च न्यायालयातही त्या गणपतीपुरती सवलत मिळाली नाही, आणि आमचा धंदा उठला. बंदी योग्यच होती, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर काय पडलेलं असायचं ते मी पाहिलंय. पण त्यानंतर दादरच्या बाजारात जे आलं, त्याला मी कारागिरी म्हणणार नाही. लेझरनं कापलेला पातळ बोर्ड, खाचेत खाच घातली की मखर तयार, घरोघरी तेच कमळ, तीच कमान. हात कुणाचा लागला हे त्यात कुठे दिसत नाही. विटांकडे मी वळलो ते त्या सोडवून पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतात म्हणून. त्यातही विटा घासणारे, डिंक लावणारे, गरम हवेनं मऊ करणारे निघाले आहेत. त्यांच्या होड्या सुरेख दिसतात. पण डिंक लावलेली वीट पुन्हा वीट राहत नाही. मग ती विटांची होडी कशाला म्हणायची?

"पाण्यात चालते का हो?" हा प्रश्न ठरलेला. नाही चालत. हे प्लॅस्टिक पाण्याहून किंचित जड, आत कोंडलेल्या हवेवर थोडा वेळ तरंगतं आणि सांध्यांतून पाणी शिरलं की बसतं. लाकूड भिजून फुगतं आणि आपला सांधा आपण मिटवतं. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या लहानशा होड्यांसमोर उभा राहिलो की मला त्या लाकडाचा हेवा वाटतो.

वाट सुचली ती 'कौंडिण्य'मुळे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं हे शिडाचं जहाज, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात आलं. त्याची छायाचित्रं बघताना टाक्यांच्या रांगांवर नजर खिळली. शिवलेली फळी लाटेचा मार थोडी हलून सोसते. मग माझी भिंत सैलच का लावू नये, आणि शिवून का घेऊ नये? लेगोत आरपार भोक असलेल्या विटा मिळतात. थराआड एक थर त्यांचा घेतला आणि मेणाचा दोरा ओवला. दोरा म्हणजे डिंक नव्हे, तो ओढून काढता येतो. मनाशी मी बराच वाद घालून हे मान्य केलंय.

खालचे तीन थर पीळ धरून उभे आहेत. टेबलाखाली ताशा वाजवून पाहिला, उकलले नाहीत. चौथ्या थरात भोकं एका ओळीत राहत नाहीत, दोरा कडेला घासतो, तिथे एक बाय एकच्या भोकाच्या विटा घालून पाहतोय. गाठींवरून मात्र आमच्या दोघांचं जमत नाही. मुलगी म्हणते, "काका, गाठी आतून घेऊया, बाहेरून रेघ स्वच्छ दिसेल." तिचं बरोबर आहे. पण मला त्या बाहेरून हव्यात, मखरापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला दिसतील अशा, म्हणजे तो विचारेल की हे कुणी शिवलं.