दिवाण, दार आणि पडदा

४१० स्क्वेअर फूट कार्पेट. डोंबिवलीचा वन बीएचके. त्यात मी, नवरा आणि बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता कायमचे राहायला येणारे आई-बाबा. ग्राफ पेपर घेऊन बसले, तर कागदावरच्या सोफ्यानंच निम्मा हॉल खाल्ला!

नेटवर ल कॉर्ब्युझिए भेटला. चंदीगडवाला. या जगप्रसिद्ध आर्किटेक्टनं १९५२ मध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी बांधलेली केबिन अवघी १२ बाय १२ फुटांची. मी एकदम इम्प्रेस! आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "ओटा कुठंय?" नव्हताच. साहेब शेजारच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचे.

"मग त्यात काय एवढं? गिरगावात आम्ही १० बाय १२ मध्ये सात जण होतो. मोरीसकट!"

खोली तीच, वेळ बदलायची. सकाळी गाद्या माळ्यावर, दुपारी निवडणं-टिपणं, संध्याकाळी अभ्यास, रात्री पुन्हा गाद्या.

सोफा कॅन्सल. खिडकीखाली दिवाण, त्याच्या पोटात गाद्या. भिंतीला मिटणारं टेबल, जेवायला आणि माझ्या लॅपटॉपलाही. बेडरूम बाबांना, कारण तिथून बाथरूम चार पावलांवर. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तर अडणार नाही. वॉकरसाठी तीन फुटांची वाट मोकळी.

बाबांनी प्लॅन निरखून पाहिला. "तुम्ही दोघं कुठे झोपणार?" मी दिवाणावर बोट ठेवलं. ते काहीच बोलले नाहीत.

सकाळी पाहिलं, तर हॉलच्या मधोमध पेन्सिलीची एक रेघ. शेजारी बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, 'पडदा'.