श्पांडाऊचा हिशोब

बर्लिनच्या पश्चिम टोकाला श्पांडाऊ नावाचा भाग आहे. त्याला उपनगर म्हटलेलं तिथल्या जुन्या रहिवाशांना फारसं आवडत नाही. 1920 पर्यंत ते स्वतंत्र गाव होतं, बर्लिनमध्ये सामील झालं ते त्यानंतर. श्प्रे नदी सगळं बर्लिन पार करून इथं येते आणि हाफेल नदीला मिळते. संगमाजवळच पाण्याने वेढलेला, तांबड्या विटांचा जुना किल्ला आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यावर गोल, जाडजूड युलियुस बुरूज.

या बुरुजाची गोष्ट पैशाची आहे. 1871 च्या युद्धानंतर हरलेल्या फ्रान्सकडून जर्मनीला मोठी खंडणी मिळाली. त्यातले 12 कोटी मार्क सोन्याच्या नाण्यांच्या रूपात या बुरुजात ठेवले गेले. 1,200 पेट्या, प्रत्येक पेटीत 1 लाख मार्क. 1874 पासून 1919 पर्यंत हा खजिना इथं होता. रोजच्या कारभारासाठी त्याला हात लावायचा नाही, युद्धाची वेळ आली तरच, असा दंडक. पुढे 1950 च्या दशकात सरकारी तिजोरीत शिल्लक साठली, तेव्हा जर्मन लोकांनी त्या शिल्लकीलाही या बुरुजाचंच नाव दिलं. आपण ज्याला गंगाजळी म्हणतो, तीच ही.

2025 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अडीच महिने श्पांडाऊला होतो. आमचा मुलगा, सूनबाई आणि चार वर्षांचा नातू तिथं राहतात. किल्ल्यापासून चालत पंधरा मिनिटांवर घर. माझी सारी नोकरी बडोद्यात बँकेत झाली, त्यामुळे गाव बघताना माझं लक्ष चर्च-पुतळ्यांपेक्षा पावत्यांकडे जास्त जातं. मुलांनीही वही मोकळेपणाने पुढे केली. इथल्या आपल्या मंडळातली कितीतरी तरुण जोडपी परदेशी जायच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी ती वही, त्या दोघांच्या संमतीने, इथं उघडतो आहे.

शंभरचा पाढा

मुलाचा पगार महिन्याला 5,000 युरो. तेव्हा एक युरो शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे गुणाकार तोंडी होतो. पाच लाख! हा आकडा दांडिया बाजारात पोचायला वेळ लागला नाही. दोनच महिन्यांत एका नातेवाइकांचा फोन आला, घर घ्यायला दहा लाख कमी पडताहेत, "तुझा दोन महिन्यांचा तर पगार!"

उलट्या दिशेचा गुणाकारही तितकाच फसवा. श्पांडाऊच्या जुन्या गावात बाजार भरतो. तिथं फ्लॉवरचा गड्डा अडीच युरोला पाहून आमच्या सौभाग्यवतींनी "अडीचशे रुपये?" म्हणून तो परत ठेवला. खंडेराव मार्केटचा भाव डोक्यात घेऊन तिथं भाजी घेतली, तर महिनाभर बटाटेच खावे लागतील. सूनबाईने तो गड्डा शांतपणे पिशवीत टाकला आणि म्हणाली, "आई, आपण इथं युरोत कमावतो आणि युरोतच जेवतो."

तेव्हा पहिला नियम हा, की त्या गावचा हिशोब त्या गावच्या नाण्यात मांडायचा. रुपयांत फक्त दोनच गोष्टी मोजायच्या, भारतातून नेलेला पैसा आणि भारतात पाठवायचा पैसा.

हातात किती पडतात

पाच हजारांतून आयकर आणि चार विमे कापले जातात: निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि वृद्धापकाळातली शुश्रूषा. उरतात साधारण 3,500. तेसुद्धा विवाहित असल्याचा तिसरा करवर्ग मिळाला म्हणून. मुलगा आधी एकटा गेला होता, तेव्हा पहिल्या वर्गात त्याच्या हाती 3,100 च्या आसपासच यायचे. बायको-मुलं येऊन त्यांची पालिकेत नोंद झाली की हा वर्ग बदलता येतो. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला निघण्यापूर्वीच नीट करून घ्यावा. आपल्याकडे कितीतरी जणांच्या दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरं असतं. ती दुरुस्ती बडोद्यात बसून होते, बर्लिनमध्ये बसून होत नाही.

कापलेल्या पैशाला रडू नये, कारण त्यातून बरंच काही परत मिळतं. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. डॉक्टरकडे गेल्यावर पाकीट काढावं लागत नाही. मोठ्यांना चिठ्ठीवरच्या औषधामागे 5 ते 10 युरो द्यावे लागतात, मुलांना तेही नाहीत. शिवाय मुलामागे सरकार दरमहा भत्ता देतं. 2025 साली तो 255 युरो होता. तो आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो, आणि उशीर झाला तर मागचे सहाच महिने मिळतात.

बर्लिनमध्ये बालवाडीला फी नाही, जेवणाचे फक्त 23 युरो. पण हे बर्लिनचं झालं. तिथं प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे, म्हणून नोकरीचं पत्र हातात आल्यावर पगाराबरोबर गावही बघावं. आणि बालवाडी फुकट असली तरी जागा शोधावी लागते. नातवाला जागा मिळायला पाच महिने लागले.

थंड भाडं, गरम भाडं

जर्मनीत घराची दोन भाडी सांगतात. नुसत्या जागेचं ते थंड भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातली घर तापवण्याची रक्कम मिळवली की गरम भाडं. जाहिरातीत ठळक असतं ते थंड. मुलांच्या दोन खोल्यांच्या घराचं थंड भाडं 1,150 आणि गरम 1,400 आहे. गरम भाड्यातली वरची रक्कम अंदाजे घेतलेली असते. वर्षाचा खरा हिशोब घरमालक नंतर पाठवतो आणि जास्त वापर झाला असेल तर फरक भरावा लागतो. त्यासाठी सूनबाई दरमहा थोडे बाजूला टाकते.

अनामत थंड भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येते. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. हे कुणी आपण होऊन सांगत नाही.

आणि घर रिकामं म्हणजे किती रिकामं! पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या जागी नुसता नळाचा पाइप आणि शेगडीची वायर असते. ओटा, शेगडी, कपाटं जुना भाडेकरू घेऊन जातो किंवा नव्याला विकतो. मुलांनी ते 900 युरोला घेतलं. दिवेसुद्धा आपले आपण लावायचे.

पहिल्या तीन महिन्यांचा वेगळा ताळेबंद मी त्यांच्या वहीतून उतरवून घेतला. घर मिळेपर्यंत सामानासकट भाड्याची जागा 2,100, अनामत 3,450, स्वयंपाकघर 900, पलंग, गाद्या आणि धुलाई यंत्र 1,300, पहिला पगार येईपर्यंत खाणंपिणं 600. बेरीज 8,350. पगार तिथं महिन्याअखेर होतो. विमानाची तिकिटं कंपनीने दिली होती, नाहीतर तीही यात आली असती. म्हणजे साडेआठ लाख रुपये हातात असल्याखेरीज कुटुंबासकट निघू नये. लग्नातलं सोनं मोडायची वेळ नेमकी इथंच येते.

महिन्याची वही

आता नेहमीचा महिना. पगार आणि मुलाचा भत्ता मिळून जमा 3,755. खर्च असा: गरम भाडं 1,400, वीज आणि इंटरनेट 110, घरोघर द्यावी लागणारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी 18 युरो आणि काही सेंट, दोघांचे प्रवासाचे पास 116, किराणा-भाजी-साबण 550, बालवाडीचं जेवण 23, फोन आणि छोटा विमा 50. हा छोटा विमा, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, तिथं बहुतेक सगळे काढतात.

हे 2,267 झाले. कपडे, बूट, वाढदिवस यांना 200. भारतात यायच्या तिकिटांसाठी दरमहा 250 बाजूला. आणि बडोद्याच्या फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता 32,000 रुपये, म्हणजे 320 युरो. उरतात 718. गावाने मोजलेल्या पाच लाखांतले हे बहात्तर हजारसुद्धा नव्हेत.

त्यातले 400 युरो त्यांच्या बुरुजात जातात. त्या खात्याला सूनबाईने खरोखरच युलियुस असं नाव दिलं आहे. नोकरीबरोबर व्हिसा बांधलेला असताना तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असणं ही चैन नव्हे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला तेवढीच उसंत मिळते.

काटकसरीला श्पांडाऊत वाव आहे, आणि ती करताना मान खाली जात नाही. लोक घरातली नकोशी झालेली पुस्तकं, खेळणी, भांडी खोक्यात घालून पदपथावर ठेवतात आणि वर लिहितात, 'भेट द्यायचं आहे'. नातवाची तीनचाकी अशीच मिळाली. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की चिठ्ठी मिळते आणि तेवढे बिलातून वजा होतात. ते काम नातवाचं. सहा वर्षांखालच्या मुलाला बस-रेल्वेला तिकीट नाही, आणि सरकारी संग्रहालयं 18 वर्षांखालच्यांना मोफत. रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद, त्यामुळे हाफेलच्या काठावर पोळी-भाजीचा डबा घेऊन बसायचं. त्या रविवारांचा खर्च वहीत शून्य आहे.

वहीत न दिसणारा रकाना

एक आकडा मात्र त्या वहीत नव्हता. सूनबाई बडोद्यात शाळेत शिकवत होती, पगार 45,000. निघताना तो थांबला. नव्या देशात भाषा शिकून काम मिळेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. एका रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, पैसे पुरतात. पण दुकानात आवडलेली वस्तू घेताना मला आता मनात परवानगी घ्यावी लागते." मुलगा बाजूलाच होता, तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी वहीत नवी ओळ घातली. दरमहा 100 युरो तिच्या स्वतःच्या खात्यात, आणि त्याखाली 'जर्मन भाषेचा वर्ग' हा खर्च भाड्याच्या बरोबरीने आधी काढायचा. शिल्लक तेवढी कमी झाली. मला तो खर्च सगळ्यांत जरुरीचा वाटला.

ती कमवायला लागेल तेव्हाचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. नवरा तिसऱ्या करवर्गात असला तर बायकोला पाचवा वर्ग मिळतो आणि तिच्या हातात फारच थोडे पडतात. मग "एवढ्यासाठी कशाला नोकरी" असं बोललं जातं. वास्तविक दोघांच्या उत्पन्नाचा वर्षाचा कर एकत्रच ठरतो. दोघांनी चौथा वर्ग घेतला तरी वर्षाअखेर हिशोब तोच. प्रसूतीनंतरचा भत्ता किंवा बेकारी भत्ता मात्र हाती पडणाऱ्या रकमेवर ठरतो, तेव्हा बाईचा कागदावरचा पगार कमी दिसू देणं तोट्याचं.

निघण्यापूर्वी इथं

भारतातलंही आवरून जावं. परदेशी स्थायिक होताच इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. कर्जाचे हप्ते त्यातून जाऊ शकतात. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं वेगळं. पीपीएफ आधीचं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

बडोद्याला परदेशचा काटेकोर हिशोब नवा नाही. 1913 साली बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकायला गेले. ती शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड होती, तीन वर्षांसाठी. रक्कम आणि मुदत दोन्ही आधी ठरलेल्या होत्या.

आपल्या घरांत नेमकं हेच ठरलेलं नसतं. मुलगा किती पाठवेल, किती वर्षं, आईवडिलांच्या आजारपणाला काय, भावंडांच्या अडचणीला काय, यावर कुणी बोलत नाही. सगळे मनातल्या मनात शंभरने गुणत बसतात आणि मग दहा लाखांचा फोन येतो. त्या नातेवाइकांना मुलाने शेवटी स्वतः फोन करून आपली वही वाचून दाखवली, अगदी फ्लॉवरच्या गड्ड्यासकट. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, मग तुमचंच कसं चालतं?" दिवाळीला त्यांनी आमच्याबरोबर भाजणीचं आणि मेतकुटाचं पार्सल तिकडे धाडलं.

तुमच्या घरातलं कुणी निघत असेल, तर बॅगा भरायच्या आधी एका रात्री सगळ्यांनी बसावं. थोरल्यांनी पगार विचारू नये. घरभाडं गरम की थंड, ते विचारावं.