कुंभकोणम : देवळांच्या गावातले अठरा खडे

तंजावरहून चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध कुंभकोणम वसले आहे. प्रलयानंतर अमृताचा कुंभ येथे आला आणि शंकराच्या बाणाने फुटला, अशी कथा आहे. गावाचे नावही त्यावरूनच पडले. जिकडे नजर जाईल तिकडे गोपुरे. दर बारा वर्षांनी येथल्या महामहम तलावावर स्नानासाठी लाखो भाविक जमतात. मागचा महामहम २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे.

मराठी माणसाला हे गाव अगदीच परके नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत या मुलुखावर तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते आणि तंजावरी मराठी बोलणारी घरे या भागात आजही आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे अशाच एका घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमलाच झाला.

पण देवदर्शन आटोपल्यावर पावले आपोआप वळतात ती शारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्याकडे. अकरा मजली गोपुराच्या सावलीतल्या या रस्त्यावर एक लहानसे घर आहे. पुढे ओटा, आत अरुंद खोल्या. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथे गेले. सास्त्रा विद्यापीठाने हे घर जतन केले असून २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. वडील साड्यांच्या दुकानात कारकून, आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणून घराला हातभार लावी. अशा घरात खेळणी कुठून येणार? आई आणि मुलगा खड्यांनी खेळत. त्या खेळाचे तमिळ नाव ‘आडु पुलि आट्टम’, म्हणजे आपली ‘वाघ-बकरी’.

खेळ सोपा आहे. जमिनीवर एक त्रिकोण काढायचा, त्याच्या शेंड्यापासून खाली रेघा ओढायच्या आणि त्यांना आडव्या रेघांनी छेदायचे. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा बकऱ्या. वाघाने बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांना उडी मारता येत नाही. त्यांनी एकमेकींना पाठीशी घालत वाघांना असे घेरायचे, की त्यांना हलायलाच जागा उरू नये. एक बकरी दुबळी, पण पंधरा जणी शहाणपणाने उभ्या राहिल्या तर वाघ अडकतो. दक्षिणेतल्या अनेक जुन्या देवळांच्या दगडी फरशीवर असे पट कोरलेले दिसतात.

मुंबई-पुण्याहून येथे येणाऱ्या कुटुंबांत आज चाळिशी ओलांडलेले आई-वडील असतात. त्यांच्या लहानपणी, १९९० नंतरच्या मे महिन्याच्या सुट्ट्यांत, टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले. कॅसेटीत फुंकर मारून मारिओ आणि काँट्रा खेळलेली ही पिढी. हे खेळ मूळचे जपानी. मारिओ ज्या निन्टेन्डो कंपनीचा, ती १८८९ मध्ये क्योटो या जपानच्या देवळांच्या शहरात स्थापन झाली आणि सुरुवातीला पत्ते तयार करीत असे. त्या वर्षी रामानुजन दोन वर्षांचे होते.

‘आमच्या वेळचे खेळच खरे’ असे ही पिढी मुलांना ऐकवते. यात तथ्य किती? बरेच आहे. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या चाळीस किलोबाइटमध्ये मावला. आज फोनवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचावी म्हणून ढग आणि झुडूप यांचा आकार एकच ठेवला, फक्त रंग बदलला. इवल्याशा चित्रात तोंड नीट दिसेना, म्हणून मारिओला मिशी मिळाली. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये एका पिवळ्या गोळ्याला चार भुते घेरतात. लाल भूत सरळ पाठलाग करते, गुलाबी भूत पुढे जाऊन वाट अडवू पाहते. एकाला अनेकांनी कोंडीत पकडायचे, ही गंमत वाघ-बकरीचीच. दोन्हीकडे साधने थोडी, नियम स्वच्छ, आणि म्हणूनच डोके जास्त चालवावे लागते.

मात्र जुने ते सगळेच सोने नव्हे. नाणे टाकून खेळायचे कित्येक खेळ मुद्दाम कठीण केलेले असत, म्हणजे खेळ लवकर संपे आणि दुसरे नाणे पडे. आपल्याकडच्या ‘९९ खेळां’च्या कॅसेटीत तर तेच पाच-सहा खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. तरीही ती सुट्टी लक्षात राहिली, कारण घरात टीव्ही एकच होता. भावंडे पाळी लावून बसत आणि हरणाऱ्याला सल्ला देणारे चौघे मागे असत. आज मुलाच्या हातातला फोन त्याच्या एकट्याचा असतो. त्याला जुना खेळ फोनवर घालून दिला, तरी शेजारी बसणारे कोणी नसेल तर त्यातले निम्मे हरवते. कोमलताम्माळकडे मुलाला द्यायला पैसा नव्हता. ती त्याच्यासमोर बसून खेळली, एवढे मात्र खरे. १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले, १९१९ मध्ये आजारी होऊन परतले आणि १९२० मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. हे आठवले की त्या लहान घरातून बाहेर पडताना पाऊल जड होते.

कुंभकोणमला जाण्यासाठी चेन्नईहून रेल्वे सोयीची आहे. विमानाने आल्यास तिरुचिरापल्लीला उतरून पुढे रस्त्याने जावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पितळी भांड्यातली ‘डिग्री कॉफी’ चुकवू नये. विड्याची पाने आणि पितळेच्या समया ही येथली खास खरेदी. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर थोडा वेळ हाताशी असतोच. एक खडू, तीन मोठे खडे आणि पंधरा लहान खडे मिळाले की पुरे. पहिल्या डावात वाघ मुलांना द्यावेत आणि बकऱ्या आपण घ्याव्यात.