चार बटाट्यांचं तिकीट

ड्रेक सामुद्रधुनी

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

अर्जेंटिनाचं उशुआया बंदर मागे पडलं की अंटार्क्टिकाच्या वाटेवर दोन दिवस जमीन दिसत नाही. या अक्षांशावर वाऱ्याला आडवा यायला पृथ्वीभोवती कुठेच डोंगर नाही, किनारा नाही. त्यामुळे लाटा भरात असतात आणि जेवणाच्या टेबलावर ताटाखाली ओलं फडकं घालावं लागतं. निम्मे प्रवासी आडवे झालेले. तरी दुपारी दालनात बोलावणं आलं, तेव्हा सगळे धडपडत हजर झाले, कारण हजेरी चुकली तर किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही.

काम होतं कपडे झाडायचं. जाकिटाचे खिसे उलटे करायचे, पिशवीच्या शिवणी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायच्या, बुटाच्या खाचांतली माती काढायची, वेल्क्रोत अडकलेलं कुसळ चिमट्यानं उपसायचं. सुगीच्या दिवसांत माळावरून आल्यावर आजी ओट्यावर बसून लुगड्याच्या काठाची कुसळं वेचायची, अगदी तसंच. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मोज्यातून गवताचं एक बी निघालं. तिळाहूनही लहान. त्यांनी ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि मग डबीत टाकलं. असं एक बी त्या उघड्या खडकावर रुजलं तर काय होईल, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

बाकीचे नियमही असेच कडक. एका ठिकाणी एका वेळी शंभराच्या वर माणसं उतरत नाहीत. पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला तर उतरूच देत नाहीत. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. अलीकडे बर्ड फ्लूमुळे बर्फावर बसायलाही मनाई आहे. २०२३-२४च्या हंगामात अंटार्क्टिकाला एक लाख वीस हजारांहून जास्त पर्यटक येऊन गेले. त्यातले बरेच जहाजावरूनच पाहून परतले, तरी हा आकडा जड आहे. तो वाढत राहिला तर नुसती झाडलोट पुरायची नाही.

पोर्ट लॉकरॉय

हे बेट म्हणजे गावातल्या देवळाच्या आवारापेक्षा फार मोठं नाही. १९४४ साली युद्धाच्या धामधुमीत ब्रिटिशांनी इथे तळ उभारला. त्या काळ्या लाकडी इमारतीत आता संग्रहालय आणि पोस्ट आहे. उन्हाळ्यापुरती मूठभर माणसं इथे राहतात. नळाचं पाणी नाही. पोस्ट सांभाळायचं, छपराची डागडुजी करायची आणि जेंटू पेंग्विनांची अंडी-पिल्लं मोजायची, हे त्यांचं काम. बेटाचा एक भाग पर्यटकांना कायमचा बंद आहे. वर्दळीच्या बाजूची पिल्लं आणि निवांत बाजूची पिल्लं यांत काही फरक पडतो का, हे त्यावरून ताडून बघता येतं.

कार्डावर शिक्का हातानं मारतात. इथून टपाल जहाजानं फॉकलंडला, तिथून इंग्लंडला आणि मग जगभर जातं. तेव्हा कार्डाच्या आधी माणूसच घरी पोहोचलं तर नवल मानू नकोस. आपल्या टपालखात्याचंही याच खंडावर ठाणं आहे. 'भारती' स्थानकातल्या पोस्टाला २०२४च्या एप्रिलमध्ये एमएच-१७१८ असा प्रायोगिक पिन मिळाला. त्यातलं 'एमएच' महाराष्ट्राचं, कारण ते पोस्ट महाराष्ट्र परिमंडळाखाली येतं. हौशी लोकांची पत्रं गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात गोळा होतात, शास्त्रज्ञांच्या मोहिमेबरोबर दक्षिणेला जातात आणि शिक्का घेऊन परत येतात.

ग्रिटविकेन, साउथ जॉर्जिया

आक्का, हे पत्र जरा लांबणार आहे.

धक्क्याला लागण्याआधी बेटाच्या सरकारची माणसं जहाजावर आली आणि एकेकाचे बूट उलटे करून तपासले. बी किंवा पीस सापडलं तर ते बूट पुन्हा साफ होईस्तोवर तो प्रवासी जहाजावरच. हा कडकपणा कुठून आला ते किनाऱ्यावर उतरलं की कळतं.

कार्ल अंतोन लार्सेन या नॉर्वेजियन कप्तानानं १९०४ साली इथे देवमासे सोलण्याचा कारखाना काढला. तेलाच्या गंजलेल्या टाक्या, साखळदंड आणि बाष्पपात्रं अजून उभी आहेत. साउथ जॉर्जियाच्या कारखान्यांनी साठ वर्षांत १,७५,२५० देवमासे सोलले. धंदा बंद पडला तो दया येऊन नव्हे, देवमासे संपत आले म्हणून. ज्या फरसबंद अंगणात ते सोलायचे तिथे आज फर सील लोळतात आणि माणसानं वाट वाकडी केली नाही तर फिस्कारतात.

शिकाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर आले. बेट सुमारे १७० किलोमीटर लांब, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं उंदरांनी दोनशे वर्षं खाल्ली. चिमणीएवढा पिपिट हा जगातला सर्वांत दक्षिणेकडचा गाणारा पक्षी. तो उंदीर नसलेल्या कोपऱ्यांत आणि आजूबाजूच्या खडकांवर कसाबसा तगून होता. घाई करायला आणखी एक कारण होतं. समुद्राला भिडलेल्या हिमनद्यांमुळे उंदरांचे इलाखे वेगवेगळे राहिले होते. हिमनद्या मागे हटू लागल्या, तशी ती कुंपणं मोडणार हे दिसू लागलं. साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टनं २०११ ते २०१५ या काळात तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरनं विषारी आमिष टाकलं, तीनशे टनांच्या वर. मग थांबून, शिकवलेली कुत्री घेऊन सगळं बेट पुन्हा हुंगून काढलं. मे २०१८मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. कारखानदारांनी मांसासाठी आणून सोडलेले रेनडिअरही त्याच काळात हटवले.

आज सकाळी कबरस्तानाच्या कुंपणावर तो पिपिट गात होता. आवाज फार मोठा नाही. पण ध्रुवप्रवासी शॅकल्टनच्या थडग्याशी जमलेली माणसं बोलायची थांबली. १९१६ साली हा माणूस एका उघड्या होडीतून पाच सोबत्यांसह या बेटावर पोहोचला, दोघांना घेऊन विनानकाशाचे डोंगर ३६ तासांत ओलांडले आणि एलिफंट बेटावर अडकलेल्या २२ जणांना ऑगस्टअखेर सुखरूप सोडवून आणलं. १९२२ साली याच बंदरात त्याचा अंत झाला. त्या थडग्याशी तो पक्षी गातो, हे मात्र शॅकल्टनचं नव्हे, या शतकातल्या माणसांच्या मेहनतीचं फळ आहे.

देवमासेही परतू लागलेत. २०२०च्या पाहणीत या पाण्यात पन्नासहून अधिक निळे देवमासे दिसले. शिकारबंदीनंतर कित्येक दशकं इथे त्यांचं दर्शन दुर्मीळ होतं.

ट्रिस्टन द कुन्हा

इथे उतरायला मिळेल की नाही ते समुद्र ठरवतो. बंदर एवढंसं आहे, लाट चढली की बंद. यंदा नशिबानं साथ दिली.

केपटाउन इथून सुमारे २,८०० किलोमीटर. विमानतळ नाही. लोकवस्ती अडीचशेच्याही आत. १९६१ साली गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला आणि सगळ्यांना इंग्लंडला हलवलं. तिथे वीज, नोकरी, बाजार सगळं होतं. तरी बहुतेकांनी परतायचं ठरवलं आणि १९६३मध्ये गाव पुन्हा नांदू लागलं.

मार्च २०११मध्ये शेजारच्या नाइटिंगेल बेटावर सोयाबीन नेणारं एक मालवाहू जहाज फुटलं. हजारो रॉकहॉपर पेंग्विन तेलानं माखले. गावकऱ्यांनी ते होड्यांतून आणले, धुतले आणि गावचा पोहण्याचा तलाव त्यांना मोकळा करून दिला. बरेचसे वाचले नाहीत. त्यातच धास्ती होती, जहाजावरून उंदीर तर उतरले नाहीत ना? सुदैवानं उतरले नाहीत. पण त्या खेपेला नाइटिंगेलजवळची शेवंडांची मासेमारी बंद ठेवावी लागली, आणि शेवंड हेच गावाचं मुख्य उत्पन्न. एवढं सोसलेल्या या लोकांनी २०२० साली आपल्या भोवतालचा ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र राखीव जाहीर केला.

नातू तिकिटं जमवतो ना? त्याला सांग, १९४६ साली इथल्या लोकांसाठी तिकिटाचा जो नमुना तयार केला, त्यावर किंमत छापली होती: एक पेनी किंवा चार बटाटे. बटाटा हेच तेव्हा इथलं चलन. गावाबाहेर दगडी बांध घातलेली ती बटाट्याची खाचरं अजून कसली जातात.

त्यानं इथल्या सेंट मेरीज शाळेतल्या मुलांना जरूर पत्र लिहावं. उत्तराला महिने लागतील, कारण टपाल केपटाउनहून मिळेल त्या जहाजानं येतं. पत्त्यात गावाचं नाव घालताना 'टीडीसीयू १झेडझेड' हा संकेत विसरू नये. गावाचं नाव एडिंबरा आहे, आणि २००५ साली हा संकेत मिळेपर्यंत इथली पत्रं चुकून स्कॉटलंडला जायची.