कमलाबाईंचा बटाटा आणि वाडीतला सुरण

कमला सोहोनी हे नाव घेतलं की मराठी वाचकाला एक प्रसंग हमखास आठवतो. 1933 साली भागवतांची ही मुलगी, दुर्गाबाईंची बहीण, मुंबईची बी.एस्सी. होऊन बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेली. मुलींना घेत नाही, असं सांगून सी. व्ही. रामन यांनी तिला प्रवेश नाकारला. ती हटली नाही, अटी मान्य करून का होईना पण आत शिरली. प्रसंग खरा आहे आणि सांगण्यासारखाही आहे. माझी तक्रार एवढीच की गोष्ट तिथेच थांबते. पुढे केंब्रिजला जाऊन बाईंनी शोधलं काय, याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते: ‘वनस्पतींमधील सायटोक्रोम-सी’. ते काय असतं हे ना लिहिणारा सांगतो, ना वाचणारा विचारतो. मी जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि पेशीतल्या ऊर्जेचा धडा दर वर्षी बाईंच्या बटाट्यापासूनच सुरू केला.

बटाटाच का? चिरलेला बटाटा हवेवर राहिला की तांबूस, मग काळा पडतो. ही करणी फिनोलेज जातीच्या विकराची. ते ऑक्सिजन भराभर वापरतं, म्हणून वनस्पतींचा श्वास बहुधा याच विकरावर चालतो, असं त्या काळी बऱ्याच अभ्यासकांना वाटत होतं. प्राण्यांची गोष्ट निराळी होती. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी 1925 साली किड्यांच्या पंखांचे स्नायू आणि यीस्ट वर्णपटदर्शकाखाली धरून प्रकाशात काळे पट्टे पाहिले होते. यीस्टचं पाणी हवेबरोबर खळखळून हलवलं की पट्टे नाहीसे होत, स्वस्थ ठेवलं की परत उमटत. ऑक्सिजन मिळाला की रंगद्रव्य इलेक्ट्रॉन सोडतं, तो संपला की धरून ठेवतं. पेशीचा श्वास डोळ्यांनी दिसावा तो असा. केलिन यांनी या रंगद्रव्यांना सायटोक्रोम हे नाव दिलं.

बाई केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात आल्या, डेरेक रिक्टर यांच्या टेबलावर काम करू लागल्या आणि पुढे रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. झाडपाल्याच्या रसात हे पट्टे शोधणं अवघड काम. पानात हरितद्रव्य आड येतं, बटाट्यात ते काळं पडणं आड येतं. तरीही बटाट्यात सायटोक्रोम-सी सापडला, आणि मग वनस्पतींच्या इतर ऊतींतही तो असल्याचं दिसलं. 1939 साली हिल आणि भागवत यांचं टिपण ‘नेचर’मध्ये आलं, त्याच वर्षी चाळीस पानांच्या प्रबंधावर बाईंना पीएच.डी. मिळाली. माणूस आणि बटाटा एकाच रीतीने श्वास घेतात, एवढा मोठा अर्थ त्या चाळीस पानांत होता.

ती रीत अशी. भातातल्या पिठूळ पदार्थाचं ग्लुकोज होतं, ग्लुकोजचे तुकडे पडताना त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. ते एकदम ऑक्सिजनला देऊन टाकले तर नुसती उष्णता होईल. पेशी ते टप्प्याटप्प्याने उतरवते. तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पटलात प्रथिनांचे चार मोठे संच बसवलेले आहेत. तिसऱ्याकडून चौथ्याकडे इलेक्ट्रॉन पोचवतो तो सायटोक्रोम-सी. जीव एवढासा: माणसात 104 अमिनो आम्लं, मधोमध हीममध्ये धरलेला लोहाचा एक अणू. चौथा संच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतो आणि पाणी तयार होतं. आपण ओढलेल्या श्वासातला बहुतेक ऑक्सिजन इथेच संपतो, आणि सायनाइड गळा धरतं ते याच संचाचा. गव्हाच्या अंकुरातला सायटोक्रोम-सी माणसाच्या चौथ्या संचाला दिला तरी काम चालतं. आपली आणि गव्हाची वाट शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली, तरी हा सांधा अजून जुळतो. हे वाक्य वर्गात सांगताना दर वेळी माझ्या अंगावर काटा आला आहे.

पण या सगळ्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, कसं बनतं? दोन दशकं लोक मधला कुठलातरी ऊर्जेने भरलेला रेणू शोधत होते. तो मिळेना. 1961 साली पीटर मिचेल यांनी सांगितलं की असा रेणू नाहीच, ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंमधल्या फरकात आहे. बहुतेकांनी ते उडवून लावलं. मिचेल कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा उभारून काम करत राहिले आणि 1978 साली त्यांना नोबेल मिळालं.

खाडीकाठच्या माणसाला मिचेल समजायला जड जाऊ नयेत. आमच्याकडे खाजणातल्या भातशेतीला बांध असतो आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. भरतीला बाहेर पाणी चढतं, आतलं शेत खालीच राहतं. पटल हा तसा बांध. इलेक्ट्रॉन उतरताना पहिला, तिसरा आणि चौथा संच प्रोटॉन बाहेर लोटतात. ते बाहेर तुंबतात आणि आत यायला धड वाट एकच, एटीपी सिंथेज नावाची उघाडी. तिच्यात खरोखर फिरणारा आस आहे. सेकंदाला शंभरएक फेरे, फेऱ्यागणिक तीन एटीपी. बॉयर आणि वॉकर यांना यासाठी 1997 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी आसाला चमकणारा धागा चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना दाखवला. दोन बाजूंमधला विद्युतदाब दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे किरकोळ. पण पटलाची जाडी पाच नॅनोमीटर, तेव्हा मीटरच्या हिशेबाने हा ताण 3 कोटी व्होल्टवर जातो. अंगात एटीपीचा साठा काही तोळ्यांचाच, तोच मोडत-घडत दिवसभरात आपल्या वजनाइतका एटीपी आपण वापरतो.

बांधाला खांड पडली तर? 1933 पासून अमेरिकेत वजन उतरवायला डायनायट्रोफिनॉल दिलं जाऊ लागलं. ते प्रोटॉनना उघाडी टाळून आत आणतं. अन्न जळतं, एटीपी होत नाही, सगळी उष्णता. माणसं खरोखर बारीक झाली. काहींना मोतीबिंदू झाला, काही अंगातल्या तापाने मेली. 1938 साली ते बंद झालं.

तीच उष्णता एक झाड जाणूनबुजून करतं, आणि ते श्रीवर्धनच्या वाड्यांत पोफळींच्या सावलीत उभं असतं. निसर्ग वादळाने 3 जून 2020 ला आमच्या पोफळी मोडून टाकल्या, पण जमिनीखालचे सुरणाचे कंद शाबूत राहिले. न काढलेल्या जुन्या कंदाला पावसाच्या तोंडावर, पान फुटायच्या आधी, फूल येतं. जमिनीलगत जांभळट झालर, मधोमध सुरकुतलेला गडद गोळा, आणि संध्याकाळी असा वास की घरातली माणसं मेलेली घूस शोधत फिरतात. त्या वेळी नाक धरून गोळ्याला हात लावावा. तो गरम लागतो. ज्वर आलेल्या लेकराच्या कपाळाचीच आठवण होते.

सुरणाच्या कुळातली ही ऊब फ्रान्समध्ये लामार्क यांनी 1778 साली नोंदवली होती. उलगडा व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. या फुलांत पर्यायी ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. ते तिसऱ्या संचाच्या आधीच इलेक्ट्रॉन उचलून थेट ऑक्सिजनला देतं. तिसरा संच नाही, चौथा नाही. तिथले प्रोटॉन लोटले जात नाहीत आणि कंदात साठवलेलं पीठ उष्णता होऊन जातं. सायनाइडनेही हा श्वास बंद पडत नाही. उबेने वास दूर पसरतो, सडक्या मांसावरचे भुंगे आणि माश्या येतात, परागीभवन उरकतं. कमलाबाईंचा सायटोक्रोम-सी त्या फुलात हजर असतो, पण त्या संध्याकाळी बहुतेक इलेक्ट्रॉन त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. फुलाला ऊब आणणारा निरोप सॅलिसिलिक आम्लाचा, म्हणजे ॲस्पिरिनच्या भावंडाचा, हे याच कुळातल्या दुसऱ्या एका फुलात 1987 साली कळलं. आपल्याकडे ज्याच्या भावंडाने ताप उतरतो, त्यानेच फुलाला ताप चढतो.

वास सहन होत नाही म्हणून वाडीत हे फूल बहुधा कोयत्याने उडवून टाकतात. माझी विनंती आहे, एक तरी ठेवा. ज्वराचा तापमापक उपयोगाचा नाही, तो पस्तिसाच्या खाली वाचत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा काचेचा आणा. एकदा हवेचं तापमान घ्या, एकदा गोळ्याला टेकवून घ्या. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने दोन्ही आकडे वहीत मांडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या आणि तुलनेसाठी शेजारी कापलेला बटाटाही ठेवा. आलेखाच्या कागदावर मुलं तो चढउतार स्वतः काढतील, आणि सायटोक्रोम-सी त्यांना पाठ करावा लागणार नाही.