इंजिन बंद करून बघ

मे महिन्याच्या शेवटी आमच्या मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट बसायला लागली. सकाळी ट्रॅक्टर थंड असताना ती रोटाव्हेटर झटक्यात उचलायची. तासाभराने ऑईल तापलं की धुऱ्यावर वळताना उचललेला रोटाव्हेटर मान टाकायचा, उचकी लागल्यासारखा वर यायचा, पुन्हा खाली.

पेरणी तोंडावर आलेली. घरात मेकॅनिकल डिप्लोमा झालेला मी एकटाच. म्हणून निदान माझ्याकडे आलं.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. परदेशात बागेतलं गवत कापायला छोटे ट्रॅक्टर असतात. त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरना आपल्यासारखे गिअर नसतात. पंप ऑईल दाबतो, त्या दाबावर मोटर फिरते आणि चाकं चालतात. याला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात. ते झिजलं की थंड असताना ठीक चालतं, पण तापल्यावर चढ चढत नाही. तापलेलं ऑईल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून निसटतं. व्हिडिओतल्या माणसाने अख्खं ट्रान्समिशनच बदललं.

लक्षण तेच होतं. मी अण्णांना सांगितलं, "आपला पंप झिजलाय."

अण्णांनी सोयाबीनच्या बियाण्यासाठी ठेवलेले साडेसात हजार काढून दिले. नवा पंप बसवला. सकाळी लिफ्ट छान चालली. अकरा वाजता रोटाव्हेटरने पुन्हा मान टाकली. अण्णा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर देवगाव फाट्यावर नेला. तिथल्या जुन्या मिस्त्री चाचांनी पान्याला हातही लावला नाही. ऑईल तापेपर्यंत ट्रॅक्टर चालवायला लावला, रोटाव्हेटर पूर्ण वर घ्यायला लावला आणि म्हणाले, "आता इंजिन बंद कर. त्याच्याखाली कुणी जाऊ नका. चला, चहा घेऊ."

चहा संपायच्या आत रोटाव्हेटर जमिनीला टेकला.

"बेटा, इंजिन बंद म्हणजे पंप बंद. मग पंपाचा काय गुन्हा?"

पंपाचं काम उचलायचं. उचललेलं धरून ठेवतं ते सिलिंडरमध्ये कोंडलेलं ऑईल. इंजिन बंद असताना अवजार भराभर खाली येत असेल तर ऑईल पिस्टनच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून निसटतंय. उलट, अवजार वर टिकतंय पण उचलायलाच वेळ लागतोय, तर आधी ऑईलची पातळी आणि फिल्टर बघायचा, मग पंपावर संशय घ्यायचा. थंड-गरमचं लक्षण दोन्ही दुखण्यांत सारखंच. फरक सांगते ती ही फुकटातली परीक्षा. मी ती केलीच नव्हती.

सीट काढली, ऑईल काढलं, दोघांनी मिळून लिफ्टचं जड कव्हर उचललं. पिस्टनवरची रबरी रिंग एका बाजूने चिरलेली होती. चाचांनी सिलिंडरच्या आतून नख फिरवलं. कुठे ओरखडा लागला नाही, म्हणून सिलिंडर वाचला. नवी रिंग ऑईल लावून बसवली, फिल्टर आणि ऑईल बदललं. ऑईल सोडलं तर खर्च काही शेकड्यांचा. पुन्हा तीच परीक्षा घेतली. चहा झाला, बिल झालं, रोटाव्हेटर वरच.

बसवून काढलेला पंप दुकानदार परत घेत नाही. त्यामुळे बियाणं विकत घ्यायला पैसे उरले नव्हते.

घरी आलो तर अण्णा ओट्यावर बसून मागच्या वर्षीच्या सोयाबीनचे दाणे मोजत होते. बरोबर १०० दाणे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावल्या, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. आठवडाभराने उलगडून कोंब मोजले. ७८.

"सत्तरच्या वर आहे, पेरता येईल," अण्णा म्हणाले. "घरचं असलं तरी तपासल्याशिवाय मातीत घालू नये."

ते बियाण्याबद्दलच बोलत होते.

जुना पंप अजून गोठ्यातल्या कोनाड्यात पडलाय. चांगला आहे. त्याला काहीच झालं नव्हतं.